दहापैकी किती

हॅलो?

हॅलो… कोण?… अगं नाझिया तू! फोन हर्षालीचा आणि आवाज माझा, म्हणून दचकलीस होय?… नाही गं, सकाळी तिचा फोन माझ्याकडेच असतो. तिचे हात पिठात, माझे कान मोकळे. बोल.

…तिच्याशीच बोलायचंय? का, मी बोललेलं चालत नाही?… अगं पोळ्या लाटतेय ती. साडेअकरा होऊन गेले. बाराला केरूभाऊ रिक्षा घेऊन दारात. सातपूरचे बेचाळीस डबे, आणि अजून अर्धी परात कणीक बाकी. कारखान्यातली माणसं भुकेला थांबतात होय? तू मला सांग, मी तिला सांगते.

…कसली वही?… हां हां, तुमची ती दुखण्याची वही! पाठवली की सोमवारी. पोचली ना?… मग झालं तर. तीन महिने, नव्वद दिवस, एक रकाना रिकामा नाही. काय म्हणाल्या तुझ्या मोठ्या मॅडम? एवढी नीटनेटकी वही दुसऱ्या कुठल्या मुलीची आली का, खरं सांग.

…कुणी लिहिली म्हणजे? मी लिहिली. अगं हर्षालीचं अक्षर बघितलंयस ना? झुरळ शाईत बुडवून सोडल्यासारखं. हॉस्पिटलचं एवढं संशोधन, डॉक्टर लोक वाचणार, म्हटलं आपणच लिहावी. …नियम कसला? जिचं दुखतं तिनेच लिहायची?… असू दे गं. एकाच घरात राहतो ना आम्ही. तिने खाल्लं काय ते मला माहीत, तिला झालं काय तेही मलाच माहीत.

…हो, जेवणाचंही खरंच लिहिलंय. बाजरीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. तुझ्या त्या गरोदर बायकांच्या सर्व्हेसारखं नाही. तिथे आमच्या शेजारच्या पूजाने तुला बदाम, खजूर, दोन ग्लास दूध असं लिहून दिलं होतं. खात काय होती? चहा-पाव. आणि तूही लिहून घेतलंस, बावळट.

…बरं बरं, घाईत आहेस. बोल. …यादी? बारा वाजता जाणार?… म्हणजे ते दुर्बिणीचं ऑपरेशन, फुकट होणार ते?… अगं त्याच्यासाठीच तर वही घेतली. बाहेर आपल्याला झेपणार आहे का ते. …मग?… नाव नाही? हर्षालीचं नाव नाही? का नाही?

…वहीवरून? वहीत काय वाईट आहे?

…पहिल्या महिन्यातल्या चौदा तारखेला? दोन. …न बघता सांगते, दोन. प्रत्येक तारखेचा आकडा पाठ आहे मला. तू आली होतीस की त्या दिवशी, अम्मीचा कुकर न्यायला. तू बघितलंस ना, ही मोरीत आडवी. गुडघे पोटाशी, गाल फरशीला. ओल्या फरशीला. …हो ना? मग. दोन दिले.

…दोनच का म्हणजे? अगं दोन तास पडून होती! डबे तसेच. मी एकटी पोळ्या लाटतेय, एकटी भाजी भरतेय. दोन दिले तेसुद्धा ओकल्यावर तिची तिने मोरी धुतली म्हणून. नाहीतर एकच देणार होते.

…हॅलो? नाझिया? आवाज येतोय का?

…वीस तारखेला? त्या दिवशी दहा. पैकीच्या पैकी. पहाटे गणेशवाडीच्या बाजारातून दोन पिशव्या भाजी आणली, गॅसची टाकी एकटीने आत ओढली, सगळ्या पोळ्या तिने लाटल्या, आणि वर मला म्हणते, आई तू बस. दहा नाही देणार तर काय?

…दुखलं किती म्हणजे? त्या दिवशी कुठे काय दुखत होतं तिचं! वीस तारीख म्हणजे पाळी होऊन गेलेली.

…अगं मग तेच तर सांगतेय. सोसलं की मार्क. रडली, पडली, की मार्क कमी. दहापैकी. तुम्हीच लिहिलंय वर, दहापैकी किती.

…उलटं? काय उलटं?

…थांब, थांब. दहा म्हणजे जास्त दुखतं? …म्हणजे जी लोळेल तिला दहा आणि जी उभी राहील तिला शून्य? …हे कुठलं गणित गं नाझिया? कुठल्या शाळेत असे मार्क देतात? रडणाऱ्या पोराला पहिला नंबर?

…पहिल्या पानावर होतं?… असेल. ते बारीक अक्षरातलं कोण वाचतं? मला सातवीतून उठवलं, त्यानंतर जे वाचलं ते पुड्यांच्या कागदावर वाचलं. रकाने मात्र कळतात मला. तारीख, जेवण, आकडा.

…बाई गं. हसू का रडू.

…हो, तिला सांगितलं असशील. …कॉलेजात? तासभर?… चित्रं काढून? मग तिला माहीत होतं म्हणतेस?

…

…नाही, ऐकतेय. आठवतेय मी. पहिल्या दिवशी म्हणाली होती. मी पेन घेऊन बसले तेव्हा. 'आई, ते असं नसतं, नाझियाताईने वेगळं सांगितलंय.' …मी म्हटलं, तू गप, दुखण्याचं मला शिकवू नकोस. …मग नाही बोलली परत. तुला माहितेय ना तिचा स्वभाव. एकदा गप केली की गप.

बरं ते जाऊ दे, चूक झाली. माझी झाली, लिही तसं. उलटून घ्या ना सगळं. दोनाचे आठ, दहाचं शून्य. वजाबाकी तर आहे. तू एवढी एमएस्सी झालीस, बसल्या जागी करशील. पंचवीस मिनिटं आहेत अजून.

…केलंस? मग?… पहिल्या महिन्यात बरोबर बसतं. हां. …दुसऱ्यातही थोडं. …तिसरा?

…तिसऱ्यात सगळे दहाच आहेत, हो. तीसच्या तीस दिवस. कमावलेत तिने ते, मी फुकट नाही दिले. पाळीच्या पाचही दिवसांत एक हूं नाही, एक चूं नाही. उभी. तू वही बघ, शेवटच्या पानावर मी 'उत्तम प्रगती' लिहिलंय खाली.

…शून्य?… हां, उलटलं की शून्य. म्हणजे तिसऱ्या महिन्यात तिला काही दुखतच नाही, असं होतं?… म्हणजे सुलटं धरलं तरी बाद, उलटं धरलं तरी बाद. वा.

…का वाढले मार्क, असं काय विचारतेस? सवय लागली पोरीला. मी लावली. दहा पडले की तव्यावरची पहिली पोळी तिची, तूप लावून. दोन-तीन पडले की त्या दिवशी मी बोलत नाही. …मारत नाही गं! कधी हात लावलाय का मी तिला? बोलत नाही फक्त. मग ती माझ्या मागे मागे. 'आई, काय झालं, आई, भांडी घासू का.' वीस वर्षांची घोडी, पण आई बोलली नाही की जीव जातो तिचा.

…चूक कसली त्यात?

ऐक ना. अगं ऐक ना. मी काय वैरीण आहे तिची? उद्या लग्न होऊन परक्या घरी जाईल. तिथे मोरीत लोळली तर कोण उचलणार आहे? पहिल्या महिन्यात म्हणतील नाटकी आहे, दुसऱ्या महिन्यात म्हणतील दोष आहे, तिसऱ्यात आणून सोडतील इथे. मी म्हटलं, इथेच शिकून जाऊ दे. माझ्या हाताखाली शिकली तर कमी लागेल. …हो, तेवढंच डोक्यात होतं. डॉक्टर तरी काय म्हणाले होते? तीन डॉक्टर केले, एकजण म्हणाला लग्नानंतर बरं होईल, एकजण म्हणाला एक मूल झालं की बरं होईल. तिसऱ्याने तर पोरीकडे बघितलंसुद्धा नाही, सोनोग्राफी बघितली आणि म्हणाला, सगळं साफ आहे, मनाचे खेळ आहेत. मनाचे खेळ असतील तर मन घट्ट करायला नको?

…हो, तू सांगितलंस. सोनोग्राफीत दिसत नाही म्हणूनच दुर्बीण. पिशवीच्या आतलं अस्तर पिशवीबाहेर उगवतं आणि तिथेही दर महिन्याला रक्त सुटतं. मोठं नाव आहे त्याचं, एंडो… हां, एंडोमेट्रिओसिस. नाव ऐकूनच अर्धं पोट दुखतं.

…माझं? माझं काय?

…मला नव्हतं तसलं काही. …नव्हतं गं. …म्हणजे होतं. सगळ्यांनाच असतं. मी खलबत्ता पोटाखाली घेऊन पालथी झोपायची, थंडगार असतो ना तो. माझी सासू म्हणायची, मसाला कुट आधी, मग झोप त्याच्यावर. …काय हसतेस? हसत नाहीयेस? मला वाटलं हसलीस.

…नाही, हर्षालीनंतर नाही राहिलं मला काही. तीन वर्षं वाट बघितली, मग सोडून दिलं. …आईला असलं की मुलीला असू शकतं?… हे पण पहिल्या पानावर होतं का तुमच्या?

…हर्षालीच्या वेळी? काय खाणार? तू आता तो सर्व्हे कशाला काढतेस मध्येच. …पाटीवरच्या पेन्सिली खायची मी. खरंच. रोज दोन. अंगात रक्त नव्हतं म्हणून तसं होतं, हे आत्ता तुझ्याकडून कळलं. तेव्हा वाटायचं पोटात मास्तर आहे. रोशनबीने पकडलं मला एकदा, तुझ्या अम्मीने, ओठ पांढरे बघून. मग रोज दुपारी भांड्यात कलेजी झाकून आणायची, वर पालकाची भाजी पसरून. सासू विचारायची काय आणलं, तर म्हणायची, पालक. पाच महिने खाल्ला मी तिचा पालक. नाहीतर ही पोरगी… जाऊ दे.

…मला कुणी विचारलं नाही गं दहापैकी किती. तूच पहिली.

…

काय म्हणालीस?… तिसऱ्या महिन्यात काही वेगळं वाटलं का? काय वेगळं? एकदम शहाणी झाली होती म्हणतेय ना. …आठवून काय सांगू… हां, एक. नळ सोडून ठेवायची. सकाळी मोरीत गेली की पूर्ण नळ सोडायची, धो धो, पंधरा-पंधरा मिनिटं. टाकी रिकामी. मी दारावर थापा मारायची, अगं पाणी काय तुझ्या बापाने भरलंय का. आतून आवाज नाही. बाहेर यायची ती तोंड धुऊन, हसत.

…आवाज झाकायला? कसला आवाज?

…

…नाही, आहे मी. बोल. …कपडे? कपड्यांना काय व्हायचंय. …ओढण्यांचं एक झालं मध्ये. उंदीर लागला होता कपाटाला. तीन ओढण्यांची टोकं कुरतडलेली, दोऱ्यांचे नुसते गोंडे. मी दुकानवाल्या जिरेमाळी बाईकडून उंदराच्या औषधाच्या गोळ्या आणून ठेवल्या खालच्या खणात. …नाही ना! उंदीर सापडलाच नाही. गोळ्यापण तशाच. म्हटलं हुशार उंदीर आहे, फक्त ओढणी खातो, साडीला तोंड लावत नाही.

…दातात?

…

…दातात धरून?

…थांब जरा. …नाही, कुठे नाही गेले. गॅलरीत आलेय. आत वाफ फार आहे.

…

नाझिया, मॅडमना दे. …तुझ्या मोठ्या मॅडमना दे फोन. आत्ता. किती वाजले?… पावणेबारा झाले, दे लवकर. …रागावू देत. मी काय त्यांना भिते?

…

नमस्कार मॅडम. मी आशा, हर्षालीची आई. …हो, तीच, वहीवाली. मॅडम, वही खोटी आहे. म्हणजे आकडे खरे आहेत, पण ते माझे आहेत, तिचे नाहीत. …हो, नाझियाने सांगितलं असेल तुम्हाला. मी सोसण्याचे मार्क दिले. …माझीच चूक. माझी एकटीची. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. …अहो मॅडम, तिचं खूप दुखतं. मी डोळ्यांनी बघितलंय. फरशीवर नखं घासते ती. पायाला, कमरेला, खाली… लघवीच्या जागी, संडासला बसतानासुद्धा. मी शपथेवर सांगते. लिहून घ्या, अंगठा मागा, सही मागा.

…माझं नाही चालणार?… मी आई आहे तिची. …हो, मीच खोटं लिहिलं, मान्य. …म्हणूनच माझं आता धरता येणार नाही. …बरोबर आहे. बरोबर आहे हो तुमचं. उद्या मी म्हणेन वीस, म्हणून काय वीस लिहायचे.

…तिनेच सांगायचं? तिच्या तोंडाने?… मग काय, सोपं आहे! इथेच आहे ती. आणि आज दुसराच दिवस आहे तिचा, मॅडम, आजच. सकाळपासून उभी आहे, एक शब्द नाही, मी मघाशीच तिला तोंडी दहा दिले… नाही, ते सोडा. दोन मिनिटं थांबा. यादी ठेवू नका, मॅडम, धरून ठेवा हातात.

हर्षाली! ए हर्षाली! …गॅस बारीक कर आणि इकडे ये. …असू दे करपली तर. ये.

…लाटणं ठेवायचं ना गं आत. बरं राहू दे. हात पिठाचे आहेत, मी धरते फोन कानाशी. डॉक्टर मॅडम आहेत. विचारतील ते नीट सांग. …घाबरतेस काय? तुझ्याच चांगल्याचं आहे. बोला मॅडम, आली ती.

…

'बरं आहे' काय? त्यांनी विचारलं काय, तू सांगतेस काय. दुखतं किती ते सांग. आत्ता, या क्षणाला. दहापैकी.

…शून्य?

शून्य कुठून काढलंस? बाळा, नीट ऐक. हे आपले मार्क नाहीत. हे त्यांचे आहेत. तुला माहितेय ना, तुला नाझियाने शिकवलंय, मला नव्हतं माहीत. त्यांच्यात जास्त दुखलं की जास्त म्हणायचं. …हो, मला कळलं आता. खरंच कळलं. …अगं रागावत नाहीये. बघ माझ्याकडे, रागावलेय का मी?

…पुन्हा शून्य. 'मला काही होत नाही मॅडम, मी करते सगळं.' …हर्षाली, सगळं करतेस ते माहितेय त्यांना, मी लिहिलंय की सगळं! ते नको आता. …हसू नकोस. हसतेस कशाला गं? ओठ बघ तुझे. ओठ पांढरे आहेत मॅडम तिचे, घामाने कपाळ भिजलंय, मला दिसतंय हे.

…मी परीक्षा नाही घेत. देवाशप्पथ नाही. …मॅडम, तिला वाटतंय मी परीक्षा घेतेय तिची. …अगं चौदा तारखेचं सांग त्यांना, मोरीतलं. ओढणीचं सांग. नळाचं. …'कुठली ओढणी' म्हणे! …बाळा, आठ म्हण. आठ म्हणालीस तर काही बिघडत नाही. सात म्हण. पाच तरी म्हण गं!

…हॅलो, हो मॅडम, मीच आहे. …नाही, मी पढवत नाहीये तिला. …म्हणजे मी सांगतेय म्हण म्हणून, पण खरं आहे तेच सांगतेय ना. …दबाव? अहो कसला दबाव, आई आहे मी. …फुकट ऑपरेशनसाठी? …मॅडम, असं नका हो बोलू. पोट फाडून घ्यायची हौस कुणाला असते? …बरं. बरं, चुकलं. तुमचं काम तुम्हाला कळतं.

…बाहेर जाऊ? जाते ना. ती एकटी बोलेल, हो, तेच बरोबर. माझ्यासमोर नाही बोलणार ती. …हर्षाली, हात पूस आणि धर फोन. मी बाहेर जातेय, जिन्यात. दार लावून घेते. मला काही ऐकू येणार नाही. तुला काय सांगायचं ते सांग, माझ्याविरुद्ध सांगितलंस तरी चालेल. ऐकलंस? माझ्याविरुद्ध सांग.

…

…

…

हॅलो? हॅलो मॅडम, मी परत. तिने दिला फोन. …काय म्हणाली?

…एकटी असतानाही?

…तीनदा विचारलंत. …'आईला काळजी वाटते म्हणून आई वाढवून सांगते.' असं म्हणाली? …गोड आवाजात. हो. गोडच आहे आवाज तिचा.

…नाही मॅडम. तुम्ही तरी काय करणार. तिचं तोंड, तिचा शब्द. आम्ही कधी तिला विचारलं नव्हतं, तुम्ही विचारलंत. …हो. …हो, सही लागली तर करते, 'सहभागी स्त्रीने त्रास नाकारला'. वाचून दाखवायची गरज नाही, समजलं. …तुमचेही आभार. वेळ घेतला तुमचा.

…नाझिया? तू आलीस होय परत. …गेली यादी?… नाशिकच्या अकरा मुली. बरं. होऊ दे त्यांचं तरी चांगलं. …पुढची कधी?… तुला माहीत नाही. पुढचं संशोधन होईल की नाही तेच माहीत नाही. …रडू नकोस गं. तू काय केलंस? तू तर कुकर न्यायला आली होतीस आणि तेवढ्यात बघितलंस. मी रोज बघत होते.

…कुठे आहे? आत. परत ओट्याशी. मी आत येईपर्यंत दोन पोळ्या टाकल्यासुद्धा तिने. …नाही, भांडणार नाही. काय भांडू? झोपवते तिला. राहू देत डबे, केरूभाऊला सांगते आज नाहीत. …हो, गरम पिशवी आहे. आणली होती, कपाटावर आहे, दिली नाही कधी.

हर्षाली. बस झालं. जा, पड जरा. मी लाटते. …जा म्हणतेय ना, खरंच जा. …बंद केला गॅस. बघ, बंद केला. दे ते लाटणं.

…नाझिया, देत नाहीये गं. 'चौदाच राहिल्यात आई.' …हर्षाली, दे म्हटलं ना. …खेचतेय तर सोडत नाही. हसतेय माझ्याकडे बघून आणि सोडत नाही. …बोटं बघ कशी झालीत तिची, नखं पांढरी… अगं हे आत्ताचं नाही. सकाळपासून असंच धरलंय हिने, नुसती लाटत नव्हती, त्यालाच धरून उभी होती. …सोड बाळा. …सोड ना गं माझी बाई. …

…थांब नाझिया, ठेवते मी फोन. एका हाताने नाही सुटायची ही मूठ.